खळ्यावरची रास आणि नववीचा पाठ

मार्गशीर्षातील त्या शनिवारी सारे कुटुंब खळ्यावर एकत्र आले ते मंगल कार्यासाठी. परंतु सूर्य डोंगराआडून पुरता वर येण्यापूर्वीच तेथे वाद उभा राहिला.

खळे शेणाने सारवलेले होते. मधोमध इंद्रायणी भाताची रास, तिच्याभोवती राखेचे रिंगण आणि राशीच्या माथ्यावर विळा व झेंडूचे एक फूल. दुपारी पूजा होऊन ही रास मोजली जायची होती. धान्य मापून देणे हा या घराचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. घोटीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी आसपासच्या वाड्यांवरील शेतकरी वर्षाची पहिली रास अजूनही पुंजाराम मापाड्याच्या पितळी पायलीनेच मोजून घेत. पुंजाराम आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. गेली पंचवीस वर्षे ती पायली त्यांचा थोरला मुलगा दत्तू धरीत होता.

आणि आज तोच दत्तू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन, नाशिकला निघाला होता.

"राशीच्या दिवशी माप धरणाऱ्यानं शीव ओलांडायची नसती," पुंजाराम म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्यांना आवाज चढवावा लागत नसे. "उपाशी राहायचं, गावात राहायचं, रास मोजायची. माझ्या बानं पाळलं, मी पाळलं."

"नाना, दोन वाजेपर्यंत मी परत येतो," दत्तू म्हणाला. "उपास मी धरलाय. चहासुद्धा घेतला नाय. पण नोकरीसाठी घ्यायचा पाठ आजच हाय. दुसरा दिवस द्या म्हणून मी मागून पाहिलं. ते म्हणले, अजून तिघं जण रांगेत हायेत, तुमच्यासाठी संस्था थांबणार नाय."

दत्तूची बहीण साधना हे सर्व सुपाने कोंडा पाखडता पाखडता ऐकत होती. ती आदल्या सायंकाळी पती दिनेश याच्यासह सायखेड्याहून आली होती. भावावर तिची माया होती, तथापि या प्रकरणी ती वडिलांच्या बाजूची होती, आणि हे तिने दिवाळीतच सर्वांसमक्ष सांगून टाकले होते. शेहेचाळीसाव्या वर्षी गणिताचा शिक्षक! ज्या वयात मनुष्य मुलीच्या लग्नाचा विचार करतो, त्या वयात हा मुलीच्या शेजारी बसून तिचीच पुस्तके वाचत होता. तरुणपणी नाशिकच्या महाविद्यालयात दोन वर्षे शिकून, नानांचा खांदा निखळला तेव्हा शिक्षण सोडून तो घरी आला होता. ते राहिलेले शिक्षण मुक्त विद्यापीठातून पुरे केले, पुढे दोन वर्षे पहाटेच्या गाडीने जाऊन बी.एड. केले. लोक हसले. साधनाही एकदा हसली होती.

"दादा, रागावू नको," धाकटा गोरक्ष म्हणाला. तो सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीस होता आणि नाशिककर झाल्यापासून त्याची भाषा बदलली होती. "पण वर्गात मुलं तुला सर नाही, काका म्हणतील. त्यापेक्षा इथे तुझा मान आहे. आणि जायचंच असेल तर जा बाबा, आजच्या दिवस माप मी धरतो."

"तू?" पुंजारामांनी त्याच्याकडे पाहिले. "तुला पंचविशीच्या पुढं मोजायला मोबाइल लागतो."

दिनेश मोठ्याने हसला आणि सासऱ्यांची दृष्टी आपल्याकडे वळताच खोकू लागला.

"नाना, तुम्हीच धरा मग," दत्तू म्हणाला.

"माझा खांदा रिकामी पायली उचलंना, भरलेली कुठून उचलील? आणि इथं खडे मांडून मोजत नायत, हे तुला ठावं हाय. आकडा डोक्यात आन् तोंडात. एक आकडा हुकला तर आख्खी रास परत ओतायची, पहिल्यापासून. माझ्या बाच्या हातून आकडा हुकला नाय. माझ्या हुकला नाय. तुझ्या हुकला नाय. आन् तू ते सोडून खडू धरायला निघाला."

तेवढ्यात दूर फाट्यावर सव्वासातच्या एसटीचा भोंगा वाजला, आणि सर्वांच्या देखत ती लाल गाडी झाडांमागून निघून गेली. दत्तूची पत्नी ज्योत्स्ना हिने पदर तोंडाशी नेला. दत्तू पिशवी धरून तसाच उभा राहिला. त्या पिशवीत काय होते ते साधनाला ठाऊक होते. घोटीच्या पत्रेवाल्याकडून करवून घेतलेला एक पत्र्याचा शंकू, एक डबा आणि दोन शेर भात.

साधनाला भावाचा तो चेहरा पाहवला नाही. ती म्हणाली, "नाना, तासभर पूजा उशिरा केली तर काय बिघडंल?"

"मापाच्या गोष्टीत पोरींनी बोलू नये."

सूप थांबले.

या एका वाक्याने जे घडले ते दत्तूच्या चार वर्षांच्या विनवण्यांनी घडले नव्हते. लहानपणी याच खळ्यावर साधना दत्तूच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याहून चपळ, मोजीत असे; एके दिवशी तिने पायलीला हात लावला तेव्हा नेमके हेच वाक्य तिने ऐकले होते. तिने सूप खाली ठेवले, हात झटकले.

"अवो, ऐकता का?" ती नवऱ्याला म्हणाली. "पिकअप काढा. दत्तूला शाळेच्या दारात सोडायचं आन् दारातूनच घेऊन यायचं."

"पण मागं द्राक्षाचे क्रेट..." दिनेश म्हणाला.

"क्रेटंबी नाशिक बघतील."

पुंजाराम उठू लागले. तेव्हा एवढा वेळ चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी चिमणाबाई प्रथमच बोलल्या. त्या या घरात क्वचितच बोलत, परंतु बोलत तेव्हा जुन्या तारखांसह बोलत.

"अवो, दत्तू झाला त्या साली रास कोणत्या दिवशी व्हती?"

पुंजाराम उठता उठता थांबले.

"राशीच्याच दिवशी झाला तो, घोटीच्या दवाखान्यात. तुम्ही सकाळचं पोराचं तोंड बघायला आला व्हता. शीव वलांडून. दोन कोस पायी. आन् दुपारी जाऊन रास मोजली. त्या साली काय भात कमी पडलं? ज्याच्यासाठी बापानं शीव वलांडली, त्यानं एकदा स्वतःसाठी वलांडली तर काय झालं? आला की पाय धुवील."

पुंजारामांनी राखेच्या रिंगणाकडे पाहिले, मग आभाळाकडे, आणि शेवटी, कोणाकडेही न पाहता, म्हणाले, "दोनच्या आत."

*

शाळेच्या पायऱ्या दत्तू पिशवी छातीशी धरून चढला. व्हरांड्यात बाकावर इतर तीन उमेदवार बसले होते, तिघेही त्याच्या निम्म्या वयाचे. त्यांतील एकाने उठून अदबीने विचारले, "काका, मुलाच्या प्रवेशासाठी आलात का? ऑफिस तिकडे आहे."

"नाही," दत्तू म्हणाला. "मी तुमच्याच रांगेत आहे."

नववीचा वर्ग. चाळीस मुले. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बाई आणि संस्थेचे दोन सभासद वह्या उघडून बसलेले. विषय त्याला चिठ्ठीने कळवलेला होता : शंकूचे घनफळ. दत्तूने फळ्यावर शीर्षक लिहिले. त्याचे अक्षर टपोरे होते. पोत्यांवर नावे लिहून लिहून ते तसे झाले होते. मग त्याने टेबलावर डबा ठेवला, शेजारी पत्र्याचा शंकू ठेवला, आणि दोघांचे तोंड एकमेकांवर टेकवून दाखविले.

"दोघांचं तोंड सारखं, दोघांची उंची सारखी," तो म्हणाला. घरी बोलताना येणारी बोली त्याने प्रयत्नपूर्वक दूर ठेवली होती. "मला सांगा, हा शंकू भरून भरून डब्यात ओतला, तर डबा किती शंकूंनी भरेल?"

"दोन!" "अडीच!" "दोन, सर!"

पुस्तकात उत्तर छापलेले होते, परंतु पुस्तक कोणी उघडले नव्हते, आणि ही गोष्ट त्याला फार आवडली. त्याने शंकूत भात भरला, तळहाताने वरचे भात सपाट केले, शंकू उचलला आणि डब्यात रिता केला. आणि पंचवीस वर्षे त्या हाताबरोबर त्याचे तोंड जे उच्चारीत आले होते, ते त्याच्याही नकळत, खणखणीत सुरात बाहेर पडले :

"लाभ!"

वर्गातून हशाचा असा लोट उठला की, शेजारच्या वर्गातील बाईंनी डोकावून पाहिले. मागच्या बाकावरील सभासदांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिले. झाले, त्याच्या मनात आले, चार वर्षांचा अभ्यास एका शब्दात वाहून गेला. त्याच्या हातात रिकामा शंकू होता. समोर चाळीस तोंडे हसत होती. त्याला वाटले, क्षमा मागावी आणि एक म्हणून पुन्हा आरंभ करावा.

परंतु त्याने क्षमा मागितली नाही.

"हसा," तो म्हणाला. "हसण्यासारखंच आहे. पण का हसलात ते सांगा. एक म्हणायचं सोडून सर काय म्हणाले?"

"लाभ म्हणाले!"

"मी मापाडी आहे. भात मापायचं काम करतो. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. आमचे नाना सांगतात, ज्याला एक म्हटलं त्याला शेवटही आला. म्हणून पहिलं माप मोजायचं नाही, त्याचं स्वागत करायचं. लाभ! मग दोन, मग तीन. हिशोब चुकत नाही, फक्त आरंभ गोड होतो. चला, आता माझ्याबरोबर म्हणायचं."

त्याने दुसरा शंकू भरला.

"दोन!" चाळीस कंठ गरजले.

डबा अजून भरला नव्हता. अडीच म्हणणाऱ्याने मान उंच केली. तिसरा शंकू रिता होऊ लागला. भात काठाकडे चढू लागले. मुले बाकांवरून अर्धी उठली. शेवटची मूठ पडली आणि दत्तूने तळहात फिरविला. एक दाणा खाली सांडला नाही, एक दाणा कमी पडला नाही.

"तीन!"

या गर्जनेत मुख्याध्यापिका बाईंचाही आवाज होता असे त्याला वाटले, परंतु त्याने तिकडे पाहिले नाही. त्याने फळ्यावर सूत्र लिहिले. आता ते सूत्र मुलांना अनोळखी नव्हते. ते त्यांनी नुकतेच डोळ्यांनी पाहिले होते.

तिसऱ्या बाकावरची एक सडपातळ मुलगी हात वर करून उभी राहिली. "सर, पण बरोबर तीनच का? सव्वातीन का नाही? तुमच्या डब्यात झालं, म्हणून सगळ्याच शंकूंना होईल कशावरून?"

दत्तूने खडू खाली ठेवला. हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी, नानांच्या खांद्यामुळे महाविद्यालय सोडताना, आपल्या प्राध्यापकांना विचारावयाचा त्याचा राहून गेला होता.

"हा आज वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न," तो म्हणाला. "खरं सांगतो, मी तुला आज फक्त मापून दाखवलं. सिद्ध केलं नाही. मापलेलं एका डब्यापुरतं खरं असतं. सिद्ध केलेलं सगळ्या डब्यांना लागू पडतं. त्याची सिद्धता आहे, पण ती पुढच्या वर्गांत. तुला थांबवत नसेल तर मला विचार, आपण दोघं बसू."

तास संपल्याची घंटा झाली. मुले बाहेर जाताना डब्यात हात घालून भात पाहत होती. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला जवळ बोलावले.

"दत्तूजी, एक विचारते. एवढ्या वर्षांनी हे कशासाठी?"

दत्तूने उत्तर पाठ केले होते. ते त्याला आठवले नाही.

"बाई, आयुष्यभर मी मोजलं," तो म्हणाला. "मोजलेलं खरं का असतं, ते मला कळून घ्यायचं होतं. थोडं कळलं. ते दुसऱ्या कोणाला सांगितल्याशिवाय पुरं कळणार नाही, असं वाटलं."

बाईंनी वही मिटली. "दुपारपर्यंत फोन करू," एवढेच त्या म्हणाल्या.

*

पुंजारामांनी पावणेदोनला पिकअपचा आवाज ऐकला आणि तो आपण ऐकलाच नाही अशा रीतीने ते नारळाची शेंडी सोलत राहिले. दत्तूने पाय धुतले, सदरा काढून बंडी घातली. दिनेश गोरक्षच्या कानाशी लागला होता. "बाहेर गाडीपर्यंत आवाज येत व्हता. लाभ म्हणून! मला वाटलं, शाळेतबी रासच लागली."

पूजा झाली. घरच्या प्रथेप्रमाणे आता रास सांगायची होती, म्हणजे मापण्यापूर्वी ती किती पायल्या भरेल याचा अंदाज मोठ्याने बोलायचा होता. पुंजाराम राशीभोवती एकदा चालले, डोळे बारीक केले.

"एकशे चाळीस."

दत्तूने काल संध्याकाळी दोरीने राशीचा घेर आणि काठीने उंची घेतली होती. पायलीत किती लिटर मावते हेही त्याने पाण्याने मोजून ठेवले होते. तो हळूच म्हणाला, "माझ्या गणितानं एकशे तेहेतीस."

"दोरीनं रास सांगतो," पुंजाराम पुटपुटले, परंतु त्यांच्या मिशा किंचित हलल्या, हे चिमणाबाईंनी पाहिले.

दत्तूने खिशातील फोन काढून मुलीकडे, हर्षालीकडे, दिला. रिंगणात फोन न्यायचा नव्हता. मग तो राशीपुढे गुडघ्यांवर बसला. आता मापाड्याच्या आकड्यावाचून खळ्यावर एकही शब्द उच्चारला जाणार नव्हता.

"लाभ."

पितळ भातात शिरल्याचा तो खसखस आवाज पुंजाराम डोळे मिटून ऐकत होते. पोराचा हात चांगला होता. पायली भरावी, हात फिरवावा, पोत्यात ओतावी, आणि पुढची भरेपर्यंत तोच आकडा तोंडात घोळवावा. बारा, बारा, बारा. तेरा. त्यांना वाटले, हा सूर आता या खळ्यावर शेवटचा. शाळा घेईल किंवा न घेईल; मन तर केव्हाच शीव ओलांडून गेले. आणि तरीही ते मनातल्या मनात दत्तूबरोबर मोजीत होते, कारण न मोजणे त्यांना येतच नव्हते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर साधनाचे ओठ हलताना दिसले. तीही मोजीत होती. एकसष्ट. बासष्ट.

सत्त्याण्णवाव्या पायलीला फोन वाजू लागला.

हर्षाली दचकली आणि रिंगणापासून दूर पळाली. सर्वांच्या माना तिच्याकडे वळल्या. दत्तूची वळली नाही. "अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव," त्याचा आवाज मात्र बारीक झाला. हर्षाली कानाशी फोन धरून मान डोलावीत होती. मग तिने फोन खाली घेतला. तिला बोलता येत नव्हते. रास मोजून संपली नव्हती. तिने ओढणी तोंडात धरली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि बापाची नजर आपल्याकडे वळताच तिने उजवा हात वर केला आणि हवेत, जणू समोर भला मोठा फळा असावा तसे, खडूने भराभर लिहिल्याची खूण केली.

ज्योत्स्ना खाली बसली. गोरक्षने दोन्ही मुठी आभाळाकडे उगारल्या.

दत्तूच्या हातात भरलेली पायली तशीच राहिली. त्याचे तोंड उघडे होते. त्यातून आकडा येत नव्हता. तीन पिढ्यांत जे घडले नव्हते ते त्या क्षणी घडले होते : मापाड्याचा आकडा हुकला होता. त्याने एकदा भरलेल्या पोत्यांकडे पाहिले, एकदा राशीकडे, आणि मग, अपराधी लेकरासारखे, बापाकडे.

पुंजाराम त्या नजरेला ओळखून होते. ती नजर त्यांनी प्रथम घोटीच्या दवाखान्यात पाहिली होती.

"नव्व्याण्णव," ते म्हणाले.

पुंजाराम काठी टाकून उठले, रिंगणात आले आणि मुलाच्या शेजारी बसले.

"वत," ते म्हणाले. "हात तुझा, आकडा माझा. नव्व्याण्णव."

दत्तूने पायली ओतली. त्याच्या डोळ्यांतून पाणी भातावर पडत होते आणि बाप शेजारी बसून, पंचवीस वर्षांनंतर, पुन्हा एकवार, चढ्या सुरात मोजीत होता. शंभर. एकशे एक. एकशे दोन. एकशे तेहेतीसपाशी राशीत अजून भात शिल्लक होते, तेव्हा पुंजारामांनी मुलाकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिले. शेवटची पायली काठोकाठ भरली आणि जमीन दिसली.

"एकशे एकोणचाळीस!"

एवढा वेळ कोंडलेला गलका एकदम फुटला. हर्षाली बापाच्या गळ्यात पडली. "पप्पा, सोमवारपासून! बाई म्हणाल्या, मुलं विचारतायत, लाभवाले सर कधी येणार!" गोरक्षने भावाच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "दादा, काका नाही, सरच म्हणतायत."

"तुझं गणित सहा पायल्यांनी हुकलं," पुंजाराम म्हणाले. "माझं एकीनं."

"नाना, शंकूची बाजू सरळ असते," दत्तू डोळे पुसत म्हणाला. "आपल्या राशीला पोट होतं."

"मग पोट मोजायला शिक की. शिकवायला निघाला ना?" आणि ते हसले. दिवाळीनंतर प्रथमच हसले.

"आन् वाड्यांच्या राशी?" चिमणाबाईंनी विचारले. "त्या कोण मोजणार?"

"शनवारी दुपारी आन् रयवारी हा येईल." पुंजाराम थांबले. मग मुलीकडे न पाहता म्हणाले, "बाकीच्या दिवशी सायखेडा काय लांब नाय. बासष्टपर्यंत तरी चुकली नव्हती. म्हैत हाय मला."

साधनाने रिकामी पायली उचलली, पदराने पुसली, आणि या वेळी तिला कोणी अडविले नाही. "म्हंजे मार्गशीर्षात माझं जेवण बंद," दिनेश म्हणाला, तेव्हा ती हसली. पण पायली तिने खाली ठेवली नाही.

दत्तू वाकून बापाच्या पाया पडला. पुंजारामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला भाताचा तूस चिकटलेला होता.

"एक ध्यानात ठेव, मास्तर," ते म्हणाले. "पोरं अडकतील. तोंड उघडं ठेवून तुझ्याकडं बघतील. तवा रास परत पहिल्यापासून ओतायला लावू नको. शेजारी बसायचं, आन् पुढचा आकडा सांगायचा."